पोत्याची ओटी

शकुनबाईच्या हातून रिकामं काही जात नसे, हे सगळ्या सिहोऱ्याला माहीत होतं. शेजारणीची वाटी परत करायची तर तीत चार मिरच्या, नाहीतर मूठभर पोहे, अगदीच काही नसलं तर गुळाचा खडा. लोक हसायचे. रिकामी बादली हवी असली तर शकुनबाईकडे जाऊ नका, ती भरूनच देईल, असं म्हणायचे. हसोत बापडे. ह्या बाईनं जन्मात एकदाच आपल्या हातून रिकामं जाऊ दिलं होतं, आणि ती तिची पोटची पोरगी होती, हे हसणाऱ्यांना आठवत नव्हतं.

गुड्डीचं लग्न कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतलं. पंचवीस माणसं आणि दोन तास, एवढीच मुभा. वरात बालाघाटकडची. अक्षता पडतात न पडतात तोच फाट्यावर पोलिसांची गाडी आली म्हणून कुणीतरी ओरडलं आणि जो तो चपला शोधायला लागला. नवरीला गाडीत कोंबली, दार लागलं, गाडी गेली. शकुनबाई मागे वळून पाहते तर ओटीचं ताट ट्रंकेवर तसंच. लाल खण, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी, तांदूळ, सगळं जागच्या जागी. सव्वा वर्षानं पहिल्या बाळंतपणात गुड्डी गेली, बाळही गेलं. अंगात रक्त नव्हतं, डॉक्टर म्हणाले. शकुनबाईनं मान हलवली, पण मनातून एकच गोष्ट हलेना. रिकाम्या ओटीनं धाडली मी तिला. आता ह्यावर कुणी शहाणा म्हणेल, असं कुठं असतं का? नसेल. पण त्या शहाण्यानं आपली पोरगी जाळून यावं आणि मग बोलावं.

घरी नवरा टिकाराम लकव्यानं खाटेवर. म्हणून शकुनबाई तुमसर रस्त्यावरच्या मधुकररावांच्या राइस मिलमध्ये जायची. काम पोत्यांची तोंडं शिवायचं. पट्ट्यावरून भरलेलं पोतं सरकत यायचं, त्याचं तोंड नीट दुमडायचं आणि दोरीला टांगलेलं शिलाई मशीन त्यावरून फिरवायचं, खर्रकन. दिवसाला अशी कितीतरी पोती. ठेकेदाराचं माणूस, पोत्यामागं पैसे. मिलच्या कुठल्याही रजिस्टरात तिचं नाव नव्हतं, आणि ते असावं असं तिला कधी वाटलंही नव्हतं.

त्याच मिलमध्ये काचेच्या खोलीत रत्नमाला बसायची. बौद्ध मोहल्ल्यातल्या परसरामची लेक, बीएस्सी झालेली. हा परसराम ह्याच मिलचा हमाल. तीस वर्षं पोती वाहिली त्यानं, खांद्यावर घट्टा पडला, शेवटी कंबर गेली आणि घरी बसला. आणि आता बाप ज्या पोत्यांखाली वाकला त्याच पोत्यांना लेक पास-नापास करत होती. ओलावा किती, तुकडा किती, काळा दाणा किती, हे तपासून ती कागदावर सही ठोकायची. त्या मोहल्ल्यातलं कुणी ह्या मिलमध्ये खुर्चीवर बसलेलं ही पहिलीच वेळ. परसराम कुणालाही भेटला की आधी तेच सांगायचा, मग रामराम-जयभीम.

रत्नमाला शकुनबाईला मावशी म्हणायची. दुपारी दोघी एकत्र जेवायच्या. शकुनबाई तिच्यासाठी वेगळा डबा आणायची, कधी मोहाच्या फुलांचं काही गोड, कधी शिंगाड्याची भाजी. गुड्डीच्या त्या लाल खणातून फाडलेल्या चौकोनात तो डबा बांधलेला असायचा. तो खण ट्रंकेत ठेवून तरी काय करायचं होतं? दुसऱ्या दिवशी रत्नमाला डबा परत द्यायची तेव्हा त्यात तिच्या आईनं, मंगलाबाईनं, दिलेलं काहीतरी हमखास असायचं. लोणच्याची फोड का होईना. त्या पोरीनं मावशीची खोड बरोबर ओळखली होती. गुड्डी असती तर हिच्याएवढीच असती, असं शकुनबाई रोज म्हणायची, आणि रोज म्हणून झाल्यावर तिला आणखी एक घास वाढायची.

चोवीस सालच्या दिवाळीआधी सरकारनं उष्णा तांदळाच्या निर्यातीवरचा कर उठवला. उष्णा म्हणजे धान भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडलेला, आपल्याकडे फारसा कुणी खात नाही तो. पण बाहेर त्याला मोठी मागणी. मधुकररावांनी कुठून कुठून ओळखी काढून आफ्रिकेतल्या बेनिन देशाची एक पार्टी गाठली. पहिला कंटेनर जायच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं, खुर्चीवर उभे राहिले आणि भाषण दिलं. माणूस तसा वाईट नाही, पण समोर दहा लोक दिसले की त्याच्या अंगात पुढारी यायचा.

जगात देशोदेशी जेवढा तांदूळ विकला जातो, ते म्हणाले, त्याच्या दहा पोत्यांतली चार पोती आपल्या देशाची असतात. एके काळी आपण बाहेरून धान्य मागवून खात होतो, आज बोटीच्या बोटी भरून धाडतो. ही ह्या देशाची ताकद आहे, आणि ती दिल्लीत नाही, इथं आहे, ह्या अंगणात. शकुनबाईला आईनं सांगितलेली लाल मिलोची भाकर आठवली. बहात्तरच्या दुष्काळात परदेशातून आलेली ती लाल ज्वारी, गिळताना घशाला ओरखडे काढायची म्हणे. आणि आता आपण त्यांना देणार. तिचा ऊर भरून आला.

मग मधुकरराव शेवटचं वाक्य बोलले. न बोलते तर बरं झालं असतं, पण तेव्हा ते कुणाला कळणार होतं.

"हा तांदूळ म्हणजे आपली लेक समजा. परक्या मुलखात सासरी चालली. तिथं तिनं आपलं नाव काढलं पाहिजे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले. शकुनबाईनं टाळ्या वाजवल्या नाहीत. घरी आल्यावर तिनं ट्रंक उघडली, उरलेला खण काढला आणि त्याचे पाच तुकडे केले. एकेका तुकड्यात हळकुंड, सुपारी, खोबऱ्याचा तुकडा आणि एक रुपया घालून वर लाल दोरा गुंडाळला. टिकारामनं खाटेवरून विचारलं, काय करून राहिली? कोणाची तरी ओटी आहे, ती म्हणाली. खोटं काहीच नव्हतं त्यात.

दुसऱ्या दिवशी पाचशेवर पोती शिवून झाली. त्यातल्या पाचांची तोंडं दुमडताना तिनं एकेक पुरचुंडी आत सरकवली आणि वरून मशीन फिरवलं. परदेशी अक्षरं छापलेली ती पांढरी पोती होती, त्यावर काय लिहिलंय हे तिला वाचता येत नव्हतं. शेवटच्या पोत्यावर तिनं हात फिरवला. रत्नमाला परखी घेऊन आली. लोखंडी टोकदार नळी ती, पोत्यात खुपसली की नमुना बाहेर येतो. तिनं नियमाप्रमाणे इथं तिथं खुपसून नमुने काढले. दाणा एकसारखा, खडा नाही, किडा नाही. अहवालात 'परकी वस्तू' असा एक रकाना होता, त्यापुढे तिनं 'निरंक' लिहिलं आणि खाली सही केली. फाटकाशी परसराम काठी टेकून उभा होता. लेकीची सही झालेला कंटेनर रस्त्याला लागेपर्यंत तो हलला नाही. शकुनबाईनंही पदर डोळ्याला लावला. तीन वर्षांनी तिला पहिल्यांदा हलकं वाटलं होतं.

कंटेनर विशाखापट्टणमला गेला, तिथून बोटीत बसला. पुढच्या चार कंटेनरचा सौदा झाला. मिलमध्ये दोन पाळ्या सुरू झाल्या, आणि रत्नमालाला पुढं हैदराबादला शिकायला पाठवू, मग पगार वाढवू, असं मधुकररावांनी सगळ्यांदेखत सांगितलं. शकुनबाई मनात म्हणाली, लागू पडली ओटी.

मार्च सरत आला होता. एका मंगळवारी मिलचा मुनीम भय्याजी मोबाइल हातात धरून पट्ट्याशी आला आणि त्यानं सगळ्यांना एक फोटो दाखवला. तिकडं बेनिनमधल्या कोटोनू शहराच्या बाजारात एका दुकानदारणीनं पोतं उघडलं होतं. तांदळाच्या ढिगावर लाल चिंदीची पुरचुंडी, सोडलेली. हळकुंडाचा पिवळा डाग आजूबाजूच्या दाण्यांना लागलेला. दुसऱ्या दुकानात दुसरी सापडली होती. बाजारात बोभाटा झाला की ह्या तांदळात कुणीतरी काही करून पाठवलंय. त्या नावाच्या पोत्यांना कोणी हात लावेना.

तिथल्या बाजाराला तरी काय नावं ठेवायची? आपल्या चौकात लाल कापडात बांधलेलं हळदी-लिंबू दिसलं तर आपण काय उचलून घरी नेतो? चांगले शिकलेलेही गाडी वळवून घेतात. कोण्या आईनं कोणासाठी बांधलं हे काय त्या चिंदीवर लिहिलेलं असतं. शकुनबाईनं फोटो पाहिला आणि तिच्या हातातलं मशीन तसंच चालू राहिलं, पोत्याची शिलाई तिरपी गेली.

"जादूटोणा आहे कोनाचा तरी," भय्याजी म्हणाला.

तो एक शब्द. त्या शब्दानं शकुनबाईचं तोंड शिवून टाकलं. त्याच क्षणी ती बोलली असती तर पुढचं काही झालं नसतं, हे तिला नंतर हजार वेळा कळलं. पण त्या वेळी एवढंच कळलं की गुड्डीसाठी घेतलेला खण, तिची एवढी एकच उरलेली वस्तू, आणि तिला हे लोक जादूटोणा म्हणून राहिलेत. ती माझी आहे म्हणून सांगायचं म्हणजे ते नाव आपल्या तोंडानं तिला लावायचं. शिवाय भीती होतीच, ती काही कमी नव्हती. काम गेलं तर टिकारामच्या गोळ्या कुठून आणायच्या?

बेनिनच्या पार्टीचं पत्र आलं. माल तपासला कोणी, कागदावर सही कोणाची, त्या माणसावर कारवाई काय केली, ते लेखी कळवा, नाहीतर पुढचे चार कंटेनर रद्द. मधुकररावांनी दोन दिवस सगळ्यांना एकेक करून बोलावलं. शकुनबाईलाही विचारलं. नाही जी, मले काही माहीत नाही, ती म्हणाली. बाहेर आली तर दाराशी रत्नमाला उभी होती, आपली पाळी यायची वाट बघत. तिनं शकुनबाईकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. शकुनबाईनं नजर खाली घातली आणि पट्ट्याकडे गेली.

त्यानंतर दुपारचं जेवण बंद झालं. रत्नमाला कामात आहे म्हणायची. आदल्या सोमवारी नेलेला डबा तिच्याकडेच राहिला होता, तो मागायची शकुनबाईची हिंमत होईना. रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगतो. रोज फाटकातून आत पाऊल टाकलं की पाय सरळ पट्ट्याकडे वळायचे. उद्या सांगू. अजून कुठं काय झालंय? पोरगी हुशार आहे, मालकाच्या मर्जीतली आहे, दोन शब्द ऐकवतील आणि सोडून देतील. माणूस स्वतःला किती छान फसवतो बघा. असे नऊ दिवस गेले.

नवव्या दिवशी रत्नमाला काचेच्या खोलीतून बाहेर आली ती हातात कागद घेऊन. पर्स घेतली, सायकल घेतली, फाटकातून निघून गेली. भय्याजीनं सांगितलं, काढून टाकली, निष्काळजीपणा केला म्हणून.

शकुनबाईनं मशीन सोडलं. ते दोरीला लोंबकळत राहिलं. ती तशीच मधुकररावांच्या खोलीत शिरली, चपला बाहेर काढायच्याही राहिल्या, आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. गुड्डी, ताट, खण, पाच पोती. तुम्हीच म्हणाले होते ना जी, लेक समजा म्हणून. मी समजलो.

मधुकररावांनी हातातलं पेन खाली ठेवलं. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "शकुनबाई, आता सांगून काय फायदा? पत्र काल गेलं. तपासणारीले काढलं असं लिहून दिलं. त्यांनी चारातले दोन कंटेनर तरी घ्यायचं कबूल केलं."

"मंग दुसरं पत्र धाडा. माहं नाव लिहा."

"तुह्यं नाव कुठं आहे?" ते म्हणाले. आवाज रागाचा नव्हता, हेच वाईट होतं. "कोणत्या कागदावर आहे? तू ठेकेदाराची. तिकडच्या लोकायले सही पाहिजे, अना सही रत्नमालाची आहे. उद्या मी लिहिलं का पोतं शिवणाऱ्या बाईनं घातलं, तर ते म्हणतील तुमच्या इथं कोणीही काहीही घालते. मंग दोन कंटेनरही जातील. साठ लोकाचं पोट आहे ह्याच्यावर. जा, काम कर. मी हे ऐकलं नाही."

ती उभीच राहिली. शिक्षा मागायला आलेल्या माणसाला शिक्षाही मिळू नये, असं तिनं कधी ऐकलं नव्हतं. चूक तिची होती आणि ती चूकसुद्धा तिच्या नावावर लागत नव्हती. मधुकररावांच्या मागच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता, त्यावर भंडाऱ्यापासून समुद्रातून वळसा घालून कोटोनूपर्यंत लाल पेनानं रेघ मारलेली होती.

मिलमधून ती सरळ बौद्ध मोहल्ल्यात गेली. ऊन डोक्यावर आलं होतं. परसराम ओसरीवर खाली मान घालून बसला होता. बसा, एवढंच म्हणाला. मंगलाबाईनं पाणी दिलं आणि आत गेली. शकुनबाईनं पाणी प्यायलं नाही, लोटा तसाच बाजूला ठेवला. रत्नमाला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. सकाळचेच कपडे, गळ्यात मिलचं ओळखपत्र अजून लटकत होतं, काढायचं भान राहिलं नव्हतं.

"रत्ना, ते म्या घातलं होतं," शकुनबाई म्हणाली.

"मले माहीत आहे."

परसरामनं मान वर केली.

"फोटो पाहिला त्याच दिवशी चिंदी ओळखली मी," रत्नमाला म्हणाली. "रोज त्याच चिंदीत बांधलेला डबा खाल्ला, मावशी. नाही ओळखणार का?"

"मंग मालकाले काहून नाही सांगितलं वं, बाई?"

"तुमी सांगाल म्हणून." तिचा आवाज चढला नाही, पण फुटला. "मले विचारलं त्यायनं, कोणावर शक आहे का? मी नाही म्हटलं. वाटलं, मावशी गेली असंल भिऊन, उद्या सांगंल. रोज दारातून पट्ट्याकडे पाहत होती मी. आज उठंल, आज येईल. नऊ दिवस झाले, मावशी. खुर्ची गेली त्याचं मी पाहून घेईन. दुसरीकडं कुठं मिळंल, नाही मिळंल. पण तुमी माह्या तोंडासमोर रोज पोती शिवत गेल्या."

शकुनबाईला बोलायचं होतं. आताच सगळं सांगून आलो, मालकानं ऐकलं नाही, माझं नावच नाही कुठं. ओठापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. खरं होतं ते, पण नवव्या दिवशीचं होतं. ती फक्त रडली. परसरामनं तोंड फिरवलं आणि खांद्यावरचा घट्टा चोळत बसला, हमाली सुटून पाच वर्षं झाली तरी ती सवय गेली नव्हती.

रत्नमाला आत गेली आणि डबा घेऊन बाहेर आली. घासून लख्ख केलेला, लाल खणाच्या त्याच चौकोनात नीट बांधलेला. आतून मंगलाबाई हातात काहीतरी घेऊन लगबगीनं आली होती, गुळाचा खडा असावा. रत्नमालानं तिचा हात धरून मागे सारला.

"राहू दे, आई," ती म्हणाली.

शकुनबाईनं दोन्ही हातांनी डबा घेतला. गाठ सोडायची गरजच नव्हती. वजनावरूनच कळलं की आत काही नाही. तिनं तो पदराखाली घेतला, पायरी उतरली आणि उन्हातून घराकडे चालू लागली, रिकामा डबा पोटाशी धरून.